मला बसवलेले फायबरचे तोंड

मित्रांनो, पेणच्या रामवाडीत हमरस्ता सोडून आत वळलात, की एका गॅरेजच्या मागे जुना टेम्पो उभा दिसेल. त्याच्या हौद्यात भाताचा पेंढा भरलेला आहे आणि पुढच्या पत्र्याला चौदा भोके आहेत. तो टेम्पो म्हणजे मी. ती भोके गंजाने पडलेली नाहीत, ती पाडलेली आहेत. कोणी आणि कशासाठी, ते तुम्हाला सांगावे असे बरेच दिवस मनात होते.

माझा जन्म १९८७ सालचा. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तेथे माझा चेहरा सुंदर दिसावा म्हणून कोणी बसून काढला नव्हता. दिव्याचा प्रकाश सरळ पुढे जायचा तर बल्बच्या मागे खोलगट वाटीसारखा आरसा लागतो. वाटीचे तोंड गोल, म्हणून माझे दोन्ही दिवे गोल. रेडिएटरला वारा मिळावा म्हणून पुढे जाळी. रेडिएटर जेवढा, तेवढीच. चालवणाऱ्याला जवळचा रस्ता दिसला पाहिजे, म्हणून बॉनेट पुढे उतरते. दिव्यांवर पाणी थेट येऊ नये म्हणून प्रत्येकावर पत्र्याची अर्धगोल पट्टी. या चार गोष्टी एकत्र आल्या आणि त्यातून झालेला चेहरा हसरा निघाला. त्यात माझे काही श्रेय नाही.

मला घेतले गुणाजीने. गुणाजी रोह्याहून कोलाडकडे येताना लागणाऱ्या एका खेड्यातला. घरची भातशेती आणि थोडा वाल. मी घरी आलो तेव्हा त्याने माझ्या चारही चाकांवर पाणी घातले, बॉनेटवर हात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "बघ, हसतोय कसा! ह्यो कोनाशी भांडायचा नाय."

वर्षभर मी भाताची पोती पेणच्या पोह्यांच्या गिरणीवर नेत असे. कधी रोह्याच्या एखाद्या कंपनीचे खोके असत, कधी लग्नाची भांडी. परंतु माझे खरे काम श्रावणात सुरू होई. पेणमध्ये गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. रघुनाथशेटच्या कारखान्यातून त्या मोसमातली गावोगाव जाणारी पहिली खेप मी नेत असे. 'पहिली खेप' हा मान होता. ती नेणाऱ्या गाडीला हार घालत, तिच्या मालकाच्या हातावर पेढा ठेवत, आणि पुढे महिनाभराचे काम त्यालाच मिळे. गुणाजीने हा मान सत्तावीस वर्षे सांभाळला. इतर कशाचाही त्याला इतका अभिमान नव्हता.

या पहिल्या खेपेची एक रीत होती. मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी रेखतात. त्याला आखणी म्हणतात. रघुनाथशेटकडे आखणीला मालू नावाची बाई होती. पहिल्या खेपेतल्या अकरा लहान मूर्तींचे डोळे ती कारखान्यात रेखत नसे. गाडी दारात लागली, की ती मूर्तींची फळी बाहेर उजेडात घेई, गाडीच्या नाकासमोर पाट टाकून बसे आणि तेथेच आखणी करी. निघण्यापूर्वी मूर्तीने पहिल्यांदा उघड्यावरचा उजेड पाहावा, असे तिच्या सासूने तिला सांगितले होते. ती माझ्याकडे पाठ करून बसे. ब्रशात दोन-तीनच केस, श्वास रोखलेला. गुणाजी माझ्या आसनावर बसून काचेतून तिचे काम पाहत राही. तिच्या डोक्यावरचा पदर, फळी आणि तिचा हात त्याला तेथून स्पष्ट दिसत असे.

एकदा नागोठण्याला माझा पुढचा पत्रा चेपला. तेथला कारागीर म्हणाला, "चौकोनी दिवे बसवू का? आता तेच चालतात."

गुणाजी म्हणाला, "नाय. हाय तसाच ठोकून सरळ कर. आपल्या मानसाचं तोंड कोन बदलतं काय?"

मित्रांनो, हे वाक्य मी पुष्कळ वर्षे जपून ठेवले होते.

मग रस्त्यावर नव्या गाड्या येऊ लागल्या. आधी एखाददुसरी, मग रांगच. मी त्यांचा द्वेष करीत नाही. त्या माझ्याहून जोरात धावतात, त्यांना धूर कमी आहे, आणि आतला माणूस त्यांच्यात जास्त सुरक्षित असतो. परंतु त्यांच्या चेहऱ्यांकडे मी बारकाईने पाहिले. जाळी बंपरपासून बॉनेटपर्यंत पसरलेली, पण तिची निम्म्याहून अधिक भोके मागून बुजवलेली. तेथून वारा जात नाही. बॉनेटवर हवा घेण्याचा फुगवटा, पण त्याला छिद्र नाही. दिवे चिरून बारीक केलेले. बॉनेट मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत उंच आणि पुढे भिंतीसारखे उभे. ज्या भागाला काम नाही तोच सर्वांत मोठा दिसत होता.

एक दिवस पेणच्या टेम्पो स्टँडवर मालू अशाच एका नव्या पिकअपसमोर उभी राहिली. ती महिपतीची होती. महिपतीही पेणमध्ये माल वाहायचा, आणि पहिल्या खेपेवर त्याचा डोळा होता.

"महिपती, हिच्या डोळ्याची वरची रेघ बघ," मालू म्हणाली. "भायेरून आत नाकाकडं उतरवलीय. आमच्यात अशी रेघ राक्षसाला मारतात."

"मग बरीच की गो! रस्त्यात लोक बाजूला होतात."

"व्हय, पन ही रागावलीय कोनावर? समोर तर भाजीवाली हाय."

भाजीवाली हसली. महिपतीला मात्र ते झोंबले. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "आनि ह्यो गुणाजीचा टेम्पो? लग्नातला मामा! कोन पन येऊ दे, आपला हसतोय. गुणाजी, हसून माल जात नाय रं आता."

सगळा स्टँड हसला. गुणाजीही हसला, पण जरा उशिराने.

२०१४ च्या आषाढात रघुनाथशेटने गुणाजीला बोलावले. शेट वाईट माणूस नव्हता, त्याने एवढेच सांगितले, "हे बघ गुणाजी, हल्ली मुंबईची गिऱ्हाइकं पहिल्या खेपेचे फोटो काढून घेतात. मूर्ती एवढी सुबक आणि खाली गाडी ही अशी. महिपती मागे लागलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण तुझी गाडी जरा नवी दिसेल असं काही तरी कर."

त्या संध्याकाळी गुणाजीने मला धुतले नाही. नुसता समोर उभा राहून पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन कोलाडला गेला. तेथे एकजण जुन्या गाड्यांना फायबरची नवी तोंडे बसवून देत असे. गुणाजीचा पुतण्या पोपट बरोबर होता.

"काका, ही बघा. वाघाच्या जबड्यावानी हाय," पोपट म्हणाला.

"लय रागीट नाय ना दिसायची?" गुणाजीने विचारले.

कोलाडचा माणूस म्हणाला, "दादा, रागीट दिसन्यासाठीच तर लोक येतात माज्याकडं."

मला वाटले, आता गुणाजी नागोठण्याला बोलला होता ते बोलेल. त्याने होकाराची मान हलवली.

माझे गोल दिवे काढले. वरच्या पट्ट्या कापल्या. पत्र्याला चौदा भोके पाडली आणि त्यांत बोल्ट घालून ते काळे तोंड माझ्या तोंडावर आवळले. त्याला दोन तिरप्या चिरा होत्या. त्यांत पांढरे दिवे. बॉनेटवर फुगवटा आला. माझ्या नाकाची उंची एक मीटर होती, ती एक मीटर तीस सेंटीमीटर झाली, आणि नाक वीतभर पुढे आले.

येथे मला थोडे मोजमाप सांगायचे आहे, कारण पुढे जे झाले ते त्या मोजमापातूनच झाले. आसनावर बसलेल्या गुणाजीचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटर नव्वद सेंटीमीटर उंचीवर येत. त्याची नजर बॉनेटच्या पुढच्या कडेवरून खाली जाई. पूर्वी ती माझ्या नाकापुढे दीड मीटरवर जमिनीला टेकत असे. पाटावर बसलेल्या माणसाचे डोके तर नाकापासून एका हाताच्या आत असले तरी दिसे. नव्या तोंडामुळे तीच नजर साडेतीन मीटरवर टेकू लागली, आणि बसलेल्या माणसाचे डोके तीन हातांच्या आत दिसेनासे झाले. कागदावर एक सरळ रेघ ओढलीत तर तुम्हालाही हे काढता येईल. कोलाडच्या गॅरेजमध्ये ती रेघ कोणी ओढली नाही.

रघुनाथशेट खूश झाला. "आता कशी दणकट दिसते!" तो म्हणाला. मान गुणाजीकडेच राहिला.

श्रावणातला तो दिवस उघडिपीचा होता. मला कारखान्याच्या बोळात लावले. हार घातला, पण तो जाळीवर नीट राहीना, म्हणून पोपटाने तो तारेने बांधला. मागे हौद्यात पेंढा पसरणे चालले होते. गुणाजी आसनावर बसून होता. मालू फळी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे तिने एकदा पाहिले आणि म्हणाली, "काय रं, कोनी चावलं तुला?" मग नेहमीप्रमाणे तिने माझ्या नाकासमोर दोन हातांवर पाट टाकला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. सत्तावीस वर्षे ती जागा सुरक्षित होती. आजही असेल, असे तिने धरून चालणे साहजिक होते.

गुणाजीला ती आलेली दिसली होती. परंतु त्यानंतर तो मागे वळून बराच वेळ पोपटाशी बोलत राहिला. पुन्हा पुढे पाहिले तेव्हा काचेतून समोर रिकामा बोळ दिसला. मालू आत गेली, असे त्याला वाटले.

मागून पोपट ओरडला, "काका, मागं भिंत लागतेय, हौद्याचा फळका उघडत नाय! तीन हात पुढं घ्या!"

आखणीत गढलेल्या मालूला ती हाक ऐकू गेली नाही. गुणाजीने समोर पुन्हा पाहिले. रिकामा बोळ. त्याने मला पहिल्या गिअरमध्ये टाकले.

मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नाही. चालवणारा नेईल तिकडे मी जातो. पाट मोडल्याचा आवाज झाला आणि मालू ओरडली. गुणाजीने ब्रेक दाबला. ब्रेक त्याच क्षणी लागला आणि मी जागच्या जागी थांबलो. पण फळी बंपरखाली चिरडली होती. मालू कुशीवर पडली होती. तिचे कोपर आणि गुडघा सोलवटले होते, ब्रश अजून हातातच होता. अकरा मूर्ती फुटल्या. त्यांतल्या सात मूर्तींचे डोळे रेखून झाले होते.

रघुनाथशेट धावत आला. त्याने आधी मालूला उठवले, मग बंपरखाली पाहिले. "गुणाजी, झालं काय?"

बोळ माणसांनी भरला होता. महिपतीही आला होता. गुणाजीने त्याच्याकडे पाहिले, हाराकडे पाहिले, आणि म्हणाला, "शेट, ब्रेक लागलं नाय."

मी ऐकले. ज्येष्ठात त्याने स्वतः माझे ब्रेक उघडून त्यांत नवे लायनर बसवले होते. हौद्यात पाण्याने भरलेली टाकी ठेवून उतारावर तीन वेळा तपासले होते.

"जुनी गाडी, शेट. ब्रेकनं दगा दिला," तो पुन्हा म्हणाला. या वेळी जरा मोठ्याने.

शेटने सुस्कारा सोडला. त्याला राग धरायला जागा हवी होती, ती मिळाली. "मग तुझा काय दोष? ही गाडी आता माझ्या दारात नको. दुसरी बघ. मान तुझाच राहील, पण खेप नव्या गाडीतून गेली पाहिजे."

माझे तोंड बदलले तेव्हा मला वाईट वाटले होते. यावेळी जे वाटले त्याला माझ्याकडे शब्द नाही.

डोळे रेखलेली मूर्ती फुटली तर ती कचऱ्यात टाकत नाहीत. त्याच दिवशी तिचे विसर्जन करावे लागते. दुपारी अकराही मूर्तींचे तुकडे टोपलीत घेऊन मालू निघाली. ती लंगडत होती. गुणाजी म्हणाला, "थांब, सोडतो." ती माझ्यात बसली. टोपली मांडीवर.

भोगावती नदीच्या काठाकडे जाणारा उतार तीव्र आहे आणि त्या दिवशी तो निसरडा होता. गुणाजी मला सावकाश खाली घेऊन गेला आणि पाण्यापासून चार हातांवर थांबवले. दोघांनी तुकडे पाण्यात सोडले. परत येताना मालू माझ्या चाकाजवळ थांबली.

"गुणाजीदादा, ब्रेक नाय म्हनतोस, आनि मला मांडीवर टोपली घेऊन या उतारावरनं खाली आनलंस?"

गुणाजी वाकून रिकामी टोपली पाण्यात विसळू लागला.

"पान्यात गेलो असतो की दोघं."

"मालू, गो..."

"गो नको म्हनू. तिथं बस." तिने माझ्या नाकासमोर बोट दाखवले. "मी बसले व्हते तितक्यावरच. खाली बस. मांडी घालून."

तो बसला. पासष्टीला आलेला माणूस, ओल्या वाळूत. मालू दुखरा गुडघा धरून माझ्या आसनावर चढली आणि तिने काचेतून पुढे पाहिले.

"बसलास काय?"

"बसलो."

"हात वर कर."

त्याने हात वर केला. तिला बोटे दिसली, बाकी काही नाही.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "मला फक्त तुजी बोटं दिसली. ह्या तोंडामागनं कोनाला काय दिसनार?"

"ब्रेक लागलं व्हतं," गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली होता, की नदीमुळे मला जेमतेम ऐकू आला. "मला तू दिसली नायस."

"मग हे शेटला सांग."

"सांगितलं तर मान जाईल. महिपती टपलाय."

"मी सांगनार नाय. मी सांगितलं तर भांडन व्हईल. तुज्या तोंडनं येऊ दे. आनि सांगायचं नसंल, तर बोळातून गाडी नेशील तेव्हा स्वताच्या पायानं तिच्या पुढं चालायचं. सांगितल्याबिगर मी गाडीपुढं पाट टाकनार नाय."

मित्रांनो, त्या दिवशी मी वाट पाहिली. घरी परतताना, कारखान्यावरून जाताना, शेट दारात उभा होता तेव्हा. गुणाजीने वेग कमी केला. मला वाटले, आता थांबेल. त्याने हात उंचावून शेटला नमस्कार केला आणि पुढे निघाला.

चार दिवसांनी नवी पिकअप आली. तिचे बॉनेट माझ्या फायबरच्या तोंडाहूनही चार बोटे उंच आहे. मला रामवाडीत गॅरेजमागे आणून लावले. पोपटाने फायबरचे तोंड काढून दुसऱ्या कोणाला दिले, भोके राहिली. माझे गोल दिवे कोलाडलाच राहिले. गुणाजी कधी कधी पेंढा न्यायला येतो. मागच्या बाजूने येतो आणि मागच्या बाजूनेच जातो. पुढे येत नाही.

त्याने मालूचे अर्धे म्हणणे मात्र पाळले. दर श्रावणात पोपट नवी पिकअप बोळातून बाहेर काढतो आणि गुणाजी खांद्यावर उपरणे टाकून तिच्या पुढे चालतो. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, वाकून जमिनीकडे बघतो. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने विचारले, "हे काय?" गुणाजी म्हणाला, "आमच्याकडं रीत हाय. मूर्तीपुढं मालकानं चालायचं."

लोकांना ते फार आवडले. आता महिपतीही आपल्या पिकअपपुढे चालतो. इतर कारखान्यांतही हे सुरू झाले आहे. शहरातून आलेले लोक त्याचे फोटो काढतात आणि म्हणतात, केवढी ही श्रद्धा! मालू तेव्हा आतच आखणी करीत बसते. पाट घेऊन ती पुन्हा बाहेर आलेली नाही. आणि स्टँडवर माझी गोष्ट निघाली, की लोक अजून म्हणतात, "तो गुणाजीचा टेम्पो? ब्रेकनं दगा दिलेला?" गुणाजी जवळ असला तर चहाच्या कपात बघतो.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी गाड्या काढणारे होतील, बाकीचे त्या विकत घेणारे. गाडीला कसलाही चेहरा द्या, माझी तक्रार नाही. पण तो देण्यापूर्वी तिच्या नाकासमोर एक माणूस जमिनीवर बसवा, स्वतः आसनावर चढा, आणि तो दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर ते तोंड कितीही दणकट असो, बदला. घरी जुनी गाडी असेल तर तिला धुवा, तेलपाणी करा, आणि तिच्या हातून चूक झाली असे सांगण्यापूर्वी ती चूक तिचीच आहे ना, हे एकदा स्वतःला विचारा. ती काही बोलू शकणार नाही, म्हणूनच विचारा.

मला पुन्हा रस्त्यावर यायचे नाही. नवे दिवेही नकोत. तुम्ही रामवाडीतून जाल आणि तुमच्याबरोबरचे कोणी माझ्याकडे बोट दाखवून ती जुनी गोष्ट सांगू लागेल, तेव्हा एवढेच सांगा, की त्या दिवशी ब्रेक लागले होते.